कॅप्टन पिकार्डला संमेलनाच्या मांडवात येऊ द्या

प्रति,
सीमाभागातल्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांचे संयोजक, स्वागत समित्या आणि वाचनालयांची कार्यकारी मंडळं,
बेळगाव, खानापूर व निपाणी परिसर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या यंदाच्या मराठी साहित्य संमेलनाची निमंत्रणपत्रिका घरोघर पोचली. तिच्यात आमच्या मुलांचा कार्यक्रम नाही. समितीच्या बैठकीत तो मंजूर झाला होता, वेळ ठरली होती, तालीम सुरू होती. छपाईला जाण्याआधी तो काढला गेला आणि आम्हाला कुणी कळवलंही नाही. मुलांनीच पत्रिका आणून माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "ताई, आमचं कुठं हाय?" गावाचं आणि समितीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ती माणसं मला परकी नाहीत. शिवाय ज्या कारणांनी कार्यक्रम गळाला तीच कारणं मी इतर गावांच्या मांडवातही ऐकली आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

कार्यक्रम साधा होता. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेतल्या अंतराळयानाचा कॅप्टन जाँ-लुक पिकार्ड, त्याची एक गोष्ट मी मराठीत सांगायची. मग मुलांनी त्या गोष्टीतल्या माणसांच्या जागी बसून सभा भरवायची आणि आपापली बाजू मांडायची.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर असतो. शनिवारी संध्याकाळी गावातल्या मुलांना देवळाच्या सभामंडपात गोळा करते, वाचून दाखवते, त्यांच्याकडून वाचून घेते. मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली, इंग्रजी शाळेच्या व्हॅनला धावणारी, सगळी येतात. माझे वडील वडगावला मागावर विणायचे. सीमालढ्याशी आमच्या घराचं नातं काय आहे ते समितीतल्या ज्येष्ठांना सांगायला नको. १ नोव्हेंबरच्या मूक सायकल फेरीत ते माझ्या वडिलांच्या शेजारी सायकल चालवत गेले आहेत.

पिकार्ड आमच्या घरी केबलवरून आला. त्याच्या आधीच्या 'स्टार ट्रेक' मालिकेतला कॅप्टन कर्क दूरदर्शनमुळे मोठ्या माणसांना ठाऊक होता, रविवारी सकाळी दिसणारा, तरणाबांड, संकटाच्या अंगावर धावून जाणारा. पिकार्ड निराळा. डोक्यावर केस नाहीत, पन्नाशी गाठलेली, आवाज खर्जातला. ही भूमिका करणारा पॅट्रिक स्टुअर्ट इंग्लंडच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षं शेक्सपिअर करून आलेला नट, त्यामुळे त्याला ओरडावं लागत नसे. अडचण आली की हा कॅप्टन आधी आपल्या अधिकाऱ्यांना टेबलाभोवती बसवायचा आणि एकेकाला विचारायचा, तुला काय वाटतं? सगळ्यांचं ऐकून निर्णय घ्यायचा, आणि तो चुकला तर दोष स्वतःकडे घ्यायचा. आमच्या घरात, गल्लीत, शाळेत मोठी माणसं लहानांचं मत विचारतात असं मी तोवर पाहिलंच नव्हतं. इंग्रजी निम्मंच कळायचं, तरी हा माणूस विचारतोय आणि खरंच ऐकून घेतोय, एवढं चेहऱ्यावरून कळायचं. मालिका १९८७ ते १९९४ अशी सात पर्व चालली. नंतर पुन्हा मिळाली तेव्हा मी ती सगळी पाहिली, समजून घेऊन.

त्या सात पर्वांतून मी मुलांसाठी जी गोष्ट निवडली ती १९९४ सालच्या 'जर्नीज एंड' या भागातली. ती मला इथं नीट सांगायलाच हवी, कारण जिच्यावर आक्षेप घेतला ती गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांपैकी कुणी पूर्ण ऐकलेली नाही.

चोविसावं शतक. माणसांसकट अनेक ग्रहांचा मिळून फेडरेशन नावाचा संघ आहे. शेजारी कार्डेशियनांचं लष्करी राज्य. दोघांत लढाई होऊन गेलेली असते आणि आता तह होतो. तहात नवी सीमा आखली जाते आणि काही वस्त्या रेषेच्या पलीकडे जातात. त्यातला एक ग्रह डोर्व्हन ५. तिथं उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे वंशज राहतात. आपल्या रीतीभातीने जगता यावं म्हणून त्यांच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वी पृथ्वी सोडलेली, आणि बरीच भटकंती करून वीस वर्षांपूर्वी ही माणसं या ग्रहावर थांबली. गाव खाली करून घ्या, हा हुकूम ॲडमिरल नेचायेव पिकार्डला देते. पिकार्ड हरकत घेतो. त्याला सांगितलं जातं की त्या लोकांचा प्रतिनिधी परिषदेत होता, त्याचे आक्षेप नोंदवले, त्यावर चर्चाही झाली, आणि शेवटी ते फेटाळले. तुला जमत नसेल तर दुसरा कॅप्टन बघू.

नोंद झाली, चर्चा झाली, फेटाळलं. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे त्यांना कुठल्या वर्षात घेऊन जातं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, गावोगावची निवेदनं आली, पुढच्या वर्षी अहवाल आला आणि त्यात बेळगाव होतं तिथंच राहिलं. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. कागदांचे ढीग तेवढे वाढले. लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत बसून ज्यांनी हा भाग लिहिला त्यांना येळ्ळूर, कडोली, उचगाव ही नावंही माहीत नसणार. तरी रेषा आखताना तिथल्या माणसाचं काय होतं हे त्यांनी अचूक पकडलं आहे.

पिकार्ड हुकूम घेऊन खाली उतरतो तेव्हा सैनिकांना पुढे करत नाही. गावच्या पंचांबरोबर बसतो आणि त्यांच्यापुढे दुसऱ्या ग्रहांचे पर्याय ठेवतो. त्यांचा म्होरक्या अँथ्वारा सांगतो की ही जमीन आम्ही सोयीसाठी घेतलेली नाही, इथल्या डोंगरांशी आणि नद्यांशी आमचं नातं जडलं आहे. आणि मग तो पिकार्डसमोर त्याच्याच घराण्याचा इतिहास ठेवतो. १६८० साली उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला होता. तो मोडायला जे स्पॅनिश सैनिक परत आले त्यांत पिकार्डचा एक पूर्वज होता. सातशे वर्षांनी त्याच घराण्यातला माणूस पुन्हा आमच्या दारात उभा आहे, असं अँथ्वारा म्हणतो. पिकार्डला हे कोणी आजवर सांगितलेलं नसतं.

यानंतरही पिकार्ड हुकूम पाळायला निघतो, आणि याचसाठी मी ही गोष्ट निवडली. गावकऱ्यांची संमती नसताना त्यांना यंत्राने उचलून जहाजावर आणायची तयारी करायला तो आपल्या अधिकाऱ्याला सांगतो. वेस्ली नावाचा त्याचा लाडका तरुण छात्र हे पाहतो आणि गावाला सावध करतो. पिकार्ड त्याला बोलावून फैलावर घेतो. वेस्ली हा गणवेश आता घालणार नाही म्हणतो आणि अधिकारी होण्याचं प्रशिक्षणच सोडतो. हाच पिकार्ड १९८९ सालच्या एका भागात, डेटा या यंत्रमानवाला सुटा करून तपासायचा हुकूम वरून आला तेव्हा, सुनावणीत त्याची बाजू घेऊन उभा राहिला होता आणि जिंकला होता. इथं मात्र तो जवळजवळ हरतो. चांगला माणूस, समजूतदार माणूस, ऐकून घेणारा माणूस, आणि तरी वरून आलेल्या हुकमापुढे तो कुठवर जातो ते मुलांना दिसतं. आपल्या भागातली निम्मी पोरं उद्या सैन्यात, पोलिसात, सरकारी कचेरीत जाणार आहेत. त्यांनी हा प्रसंग पाहावा असं मला मनापासून वाटतं.

पुढे गावात झटापट होते. कार्डेशियन अधिकारी गुल एव्हेक आणखी सैन्य उतरवायच्या बेतात असतो. पिकार्ड त्याला पुढचं युद्ध दाखवतो. एव्हेकने आधीच्या लढाईत तीनपैकी दोन मुलगे गमावलेले असतात. तो आपली माणसं मागे घेतो. मग गावकरीच मार्ग काढतात: फेडरेशनचं नागरिकत्व सोडायचं, कार्डेशियन अमलाखाली राहायचं, पण गाव सोडायचं नाही. पुढे संकट आलं तर फेडरेशन मदतीला येऊ शकणार नाही, हे पिकार्ड त्यांना बजावून सांगतो. ते ऐकून घेतात आणि थांबतात.

आता आमच्या सभामंडपात काय झालं ते सांगते. नेचायेव व्हायला सातवीतली एक मुलगी पुढे आली. तिने हुकूम वाचला आणि कागदाची घडी करून मांडीखाली ठेवली, म्हणाली, "आता मला काय विचारू नका, मला पण वरनं आलंय." हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. पिकार्ड झालेल्या मुलाला एकाने विचारलं, "हुकूम चुकीचा हाय म्हणून कळलं न्हवं तुला? मग लगेच नाही म्हणून का सांगितलं नाहीस?" दुसऱ्याने त्याची बाजू घेतली, "ह्यानं सोडलं तर दुसरा येणार की. तो येऊन बसून बोलंल काय ह्यांच्यासंगं?" यावर पोरं अर्धा तास भांडली, मराठीत, एकमेकांचे मुद्दे खोडत. मी मध्ये पडले नाही.

एव्हेक कुणी व्हायचं यावर अडलं. एकाने सुचवलं की एव्हेकने कन्नडात बोलावं. बाकीच्यांनी ते मानलं नाही. त्यांच्या वर्गातले, गल्लीतले, क्रिकेटच्या टीममधले कन्नड मित्र त्यांच्यासमोर होते. "तसं केलं तर तो माझ्याशी बोलणार नाही गा," असं एक जण म्हणाला आणि विषय संपला. एव्हेक मराठीतच बोलला. जो मुलगा एव्हेक झाला तो आधी छाती काढून, आवाज चढवून बोलत होता. त्याला मी सांगितलं की ह्याचे दोन मुलगे लढाईत गेलेत. तो थोडा वेळ गप्प राहिला. पुढच्या खेपेला त्याने तेच वाक्य खाली बघून म्हटलं.

मागे खांबाला टेकून गावातल्या एक आज्जी बसल्या होत्या. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "ती माणसं ऱ्हायली न्हवं आपल्या गावात?" राहिली म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बरं झालं."

हा कार्यक्रम आपण पत्रिकेतून काढलात. कारणं तोंडी मिळाली, शाळेच्या ऑफिसात, उभ्या उभ्या. लेखी कुणी दिली नाहीत, म्हणून मला समजली तशी लिहिते.

एक कारण असं की ही टीव्हीची मालिका आहे, साहित्य नव्हे, आणि त्यातून अंतराळयानांची. या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली, तिथून त्यांचं कथालेखन सुरू झालं. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. अखिल भारतीय संमेलनाने ज्या वाटेला मान दिला ती वाट आपल्या मांडवात पोरखेळ ठरते, हे मला समजत नाही. आणि पडद्यावरचं म्हणून वर्ज्य म्हणाल, तर आपल्या कथाकथनाच्या सत्रात टीव्हीवर गाजलेल्या विनोदवीरांना आपण मानधन देऊन आणतोच. त्याला माझा विरोध नाही. नियम सगळ्यांना एक असावा.

दुसरं कारण, आपल्या पोरांना आधी आपलं वाचू दे, हे परदेशी कशाला. ही काळजी खरी आहे आणि मला ती तुमच्याइतकीच आहे. पण आपल्या मांडवात काय चालतं ते एकदा मुलांच्या बाजूने पाहा. सकाळी सातला मुली नऊवारी नेसून ग्रंथदिंडीला उभ्या राहतात. पालखीपुढे मुलं लेझीम खेळतात. पाहुण्यांचं स्वागतगीत म्हणतात. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या मुलांना मंचावरून कुणी एक प्रश्न विचारत नाही. ती उन्हात मागे बसतात, जेवणाची वेळ झाली की जेवतात आणि घरी जातात. घरी जाऊन मोबाइलवर काय पाहतात? अंतराळयानं, यंत्रमानव, परग्रहावरची माणसं. त्याबद्दल बोलायचं झालं तर इंग्रजीत, नाहीतर हिंदीत, कारण मराठीत त्यावर बोलताना त्यांनी कुणा मोठ्या माणसाला कधी ऐकलेलंच नाही.

माझ्या कारखान्यात पंचवीस-तिशीतली मुलं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, भोकाचा व्यास मोजतात. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि आपल्याच तालुक्यांतली पोरं तिथं ड्युटीला जातात. या जिल्ह्याच्या हातांना आकाशातलं काम येतं. मग आपल्या संमेलनात मराठी फक्त सीमाप्रश्न, शिवजयंती आणि गावच्या आठवणी यांपुरतीच का? या विषयांवर माझा तुमच्याइतकाच जीव आहे. १९४६ साली याच बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. पण त्या ठरावातली भाषा अख्ख्या आयुष्यासाठी मागितलेली होती. कारखाना, प्रयोगशाळा, दूरचे तारे हे सगळं त्या आयुष्यात येतं. मुलाला जे आवडतं ते मराठीत सांगायची सोय नसेल, तर तो मराठी सोडतो. त्याला कुणी सक्ती करावी लागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात हळू आवाजात सांगितलं गेलं आणि खरं कारण तेच आहे, असं मला वाटतं. या गोष्टीत सीमेवरची माणसं शेवटी पलीकडच्या अमलाखाली राहायचं कबूल करतात. सीमाभागाच्या मंचावरून असा शेवट मुलांच्या तोंडी गेला तर चुकीचा अर्थ निघेल, लढ्याला बाधा येईल. एका ज्येष्ठांनी मला जवळ बसवून म्हटलं, "पोरी, लोक काय म्हणतील ह्याचा तरी विचार कर."

मी विचार केला आहे. डोर्व्हनची गोष्ट म्हणजे आपली गोष्ट, असं मी मुलांना सांगितलेलं नाही, कारण ते खरं नाही. कार्डेशियन हे लष्करी राज्य आहे, परका शत्रू आहे. आपण आणि आपले कन्नड शेजारी एका देशाचे नागरिक आहोत, आपल्याला मत आहे, मोर्चा काढता येतो, न्यायालयात दाद मागता येते. डोर्व्हनची माणसं वीस वर्षांपूर्वी तिथं आली होती. आपण इथं पिढ्यान्‌पिढ्या आहोत. मुलांनी हे फरक स्वतःच काढले, मला सांगावे लागले नाहीत. त्यांना सभेत बसवलं होतं ते याचसाठी.

आणि ती गोष्ट तिथं संपत नाही. त्या तहाने पलीकडे गेलेल्या वस्त्यांतल्या काहींनी पुढे शस्त्र उचललं. 'माक्वी' म्हणून त्यांची कथा याच मालिकेत आणि तिच्यापाठोपाठच्या आणखी दोन मालिकांत येते. एकीत सिस्को या अधिकाऱ्याला माक्वींना मिळालेल्या आपल्या जुन्या मित्राविरुद्ध उभं राहावं लागतं, आणि दुसरीत घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकल्या गेलेल्या जहाजावर कॅप्टन जेनवे एका माक्वी बंडखोरालाच आपला दुय्यम अधिकारी नेमते. माक्वींचा शेवट फार वाईट होतो. म्हणजे राहणाऱ्यांचीही बाजू तिथं आहे, लढणाऱ्यांचीही, आणि दोघांनी मोजलेली किंमतही. मी मुलांना त्यातलं काही लपवलेलं नाही. हुतात्मा दिनाला हिंडलग्याच्या स्मारकाला जाणाऱ्या मुलाला किंमत मोजणं म्हणजे काय हे आपण पोथीसारखं सांगतो. तो तिथं फुलं वाहतो, परत येतो. त्यावर त्याला काय वाटतं ते विचारायची एक वेळ मला हवी होती, आणि स्वतःच्या घरातल्या दुःखाबद्दल मुलं जे बोलत नाहीत ते दूरच्या ग्रहावरच्या माणसांबद्दल बोलताना बोलून गेली.

एका गोष्टीच्या शेवटाने बाधा येईल इतका आपला लढा नाजूक आहे, असं मला वाटत नाही. सहा दशकांहून अधिक काळ ज्यांनी तो टिकवला त्यांनी याहून कठीण ऐकून घेतलं आहे. शेवट पटला नाही तर मंचावर येऊन तसं सांगा. मुलांशी वाद घाला. ती तयारीत आहेत. पण शेवट आपल्याला रुचत नाही म्हणून गोष्टच सांगू द्यायची नाही, हे संमेलनाचं काम नव्हे.

आता मागण्या. मी त्या स्पष्ट लिहिते, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

आमच्या गावच्या समितीने कार्यक्रम का काढला ते कारणासह लेखी द्यावं, आणि समितीतल्या एका तरी सदस्याने येऊन ते मुलांना तोंडाने सांगावं. मला सांगून भागणार नाही. तालीम त्यांनी केली आहे.

सीमाभागातल्या प्रत्येक संमेलनात मुलांचं एक पूर्ण सत्र असावं. ते जेवणाच्या सुट्टीत किंवा पाहुणे यायला उशीर झाला म्हणून भरून काढायला नको. पत्रिकेत छापलेल्या वेळेला, मंचावर, माइकसह हवं. त्यात काय करायचं ते मुलांना विचारून ठरवावं.

विज्ञानकथा, मग ती पुस्तकातली असो वा पडद्यावरची, कथाकथनाला आणि परिसंवादाला विषय म्हणून मान्य असावी. एकदा मंजूर झालेला कार्यक्रम काढायचा असेल तर बैठक बोलावून, संबंधितांना समोर बसवून काढावा.

वाचनालयांकडे वेगळं मागणं आहे. मराठी विज्ञानकथांची पुस्तकं आपल्या कपाटांत आहेत, पण ती कादंबऱ्यांत विखुरलेली आहेत आणि मुलांच्या हाताला लागत नाहीत. त्यांचा एक कप्पा वेगळा करा, खालच्या फळीवर. पुस्तकांना कव्हरं घालायला आणि नोंद करायला मी आणि मुलं येऊ. त्यासाठी काही खर्च मागत नाही.

आमच्या गावच्या समितीची पुढची बैठक रविवारी आहे. पत्रिका छापून झाली हे मला कळतं, पण दुपारच्या सत्रात अजून वेळ काढता येतो, असं मला त्यात दिसतं. मी बैठकीला येणार आहे. नेचायेव, पिकार्ड, अँथ्वारा आणि एव्हेक झालेली मुलंही येतो म्हणतायत. त्यांना पाच मिनिटं बोलू द्यावं, एवढी विनंती.

आपली,
शनिवारच्या वाचनवर्गाची ताई
बेळगाव तालुका